नाव बदललेली गोष्ट

मॅडमनी माइक जवळ घेतला आणि माझ्या बापाच्या आवाजात बोलल्या.

म्हणजे नक्कल केली. आवाज जाड केला, मान थोडी खाली घातली आणि वऱ्हाडीत म्हणाल्या, "बाई, तू पाह्यलं नाई ना?"

सभागृहात काही जण हसले. बोलीला हसले. अकोल्यातलं सभागृह. बसलेले अर्धेअधिक लोक घरी हेच बोलतात. तरी हसले. माइकवर वऱ्हाडी आली की हसायचं असतं, हे आम्हाला लहानपणापासून कोणी न कोणी शिकवलेलं असतं. मग मॅडम थांबल्या. चष्मा काढून हातात घेतला. हसणारे आपोआप गप्प झाले. कुठे थांबायचं, ते मॅडमना बरोबर कळायचं.

"आणि ती एवढीशी पोर म्हणाली, नाई बाबा."

च्च. च्च. सगळ्या रांगांमधून.

ती पोर मी होते. तिसऱ्या रांगेत बसले होते. माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझे बाबा बसले होते.

बाबांनी पांढरा शर्ट घातला होता. सकाळी घरून निघताना कॉलरला हात लावून मला विचारलं होतं, "बरा दिसते ना?" मीच त्यांना सोबत आणलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, "बाबांना नक्की आण. तुझा सत्कार आहे. त्यांनी बघायला हवा."

पुढे सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. मॅडमनी त्या दिवशी माझ्या बाबांची जी गोष्ट सांगितली, ती मी इथे पूर्ण सांगणार नाही. हे लिहायला बसले तेव्हा आधी बाबांना विचारलं. बाबा माझ्या खोलीखालच्या पंक्चरच्या दुकानात पेपर वाचत बसले होते. म्हटलं, बाबा, लिहू का? त्यांनी पेपरची घडी करून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "माहं नाव नको. तिथं काय झालं ते नको. त्या बाईनं काय केलं ते लिही."

म्हणून तेवढंच लिहिते. वाचणाऱ्याला वाटेल, नेमकं काय झालं ते कळल्याशिवाय आम्हाला दुःख कसं समजणार? नाही समजलं तर नाही समजलं. ज्याचं आहे त्याने नको म्हटलं.

आमचं गाव भातकुलीकडचं. आमच्या वस्तीचा बँड होता. बाबा क्लॅरनेट वाजवायचे. लग्नाच्या दिवसांत अमरावतीच्या सुपाऱ्या मिळायच्या. वरातीत डोक्यावर लाइटी घेऊन चालायला बाया-पोरी लागत. आई जायची. आई आजारी पडली की मी जायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर लाइटीचं झुंबर, त्याची वायर मागच्या बाईच्या झुंबराला, तिची तिच्या मागच्या बाईला, सगळ्यात शेवटी जनरेटरची गाडी. एकदा वायर जोडली की बाजूला होता येत नाही. खाली बसता येत नाही. लोक नाचतात तोवर उभं राहायचं. लोक चालले की चालायचं.

एका संध्याकाळी एका मोठ्या घरच्या वरातीत काही पिलेल्या माणसांनी बाबांना बँडमधून ओढून रस्त्याच्या मधोमध आणलं. पुढचं नाही लिहीत. आमच्या जातीवरून एक शब्द वापरला. तोही नाही लिहीत. मी तिथेच उभी होते, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. माझ्या डोक्यावरच्या उजेडातच सगळं दिसत होतं.

घरी आल्यावर बाबांनी बँडचा ड्रेस काढला, हातपाय धुतले आणि माझ्याकडे न बघता ते विचारलं. मी म्हटलं, "नाई बाबा. लाइट होता ना डोक्यावर. डोये दिपून गेल्ते."

बाबांनी मान हलवली. आईला म्हणाले, "पोरीले वाढ."

झालं. त्यानंतर आम्ही दोघं त्या एका खोट्यावर राहिलो. चांगले राहिलो. त्या खोट्याने मला माझा बाप जसाच्या तसा ठेवला, आणि बापाला घरात मान वर करून जेवता आलं. आई गेली. बँड बंद पडला. मी शिकत गेले. बाबांनी शिकवलं. आम्ही शेतमजुरीबद्दल बोललो, सरकारबद्दल बोललो, माझ्या लग्नाबद्दल भांडलो. त्या संध्याकाळबद्दल एक अक्षर नाही.

मी अमरावतीला समाजकार्य शिकले. मग मॅडमच्या समुपदेशन केंद्रात लागले. राजापेठेत, दुसऱ्या मजल्यावर. मॅडम मूळच्या पुण्याच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. गावात त्यांचं नाव होतं. मुलाखतीत त्यांनी मला आडनाव विचारलं, गाव विचारलं, वडील काय करतात विचारलं. मग म्हणाल्या, "तू ऐकतेस छान. हे शिकवून येत नाही." त्याआधी मला कोणीही, काहीही छान येतं असं म्हणालं नव्हतं. मी त्या वाक्यावर कितीतरी दिवस चालले.

त्यांनी मला पुष्कळ शिकवलं. हे नाकारणार नाही. समोरचा रडत असेल तर लगेच पाणी पुढे करू नये, त्याला वाटतं की रडणं थांबवायला सांगताहेत. सल्ला देण्याची घाई करू नये. माणूस दाराशी जाऊन, चप्पल घालताना जे बोलतो ते नीट ऐकावं. हे सगळं त्यांचं. आजही मी तेच करते. ज्याने हात कापला त्यानेच हाताला काम शिकवलं होतं. हे पचवायला मला फार जड गेलं.

बोलीचं मात्र त्यांना जमायचं नाही. एकदा एक बाई आली. कुठली, कोणाची, कशासाठी, ते सोडा. मॅडमसमोर बसली आणि बोलेचना. मॅडमनी मला आत बोलावलं. मी तिच्या बाजूला बसले आणि म्हटलं, "काहून वं, सकायपासून काई खाल्लं का नाई?" ती बोलायला लागली. सगळं बोलली. ती गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "काम छान केलंस. पण भाषा सांभाळ. आपण इथे प्रोफेशनल आहोत." मी सांभाळली. मी मले-तुले सोडलं. घरी फोनवरसुद्धा सोडलं. बाबा एकदा म्हणाले, "तू आता रेडिओवानी बोलतं." मला ते कौतुक वाटलं.

केंद्रात नव्या माणसाला आधी स्वतः क्लायंटसारखं समोर बसावं लागायचं. मॅडमचा नियम. "स्वतःला उघडं केल्याशिवाय दुसऱ्याच्या जखमेला हात लावायचा अधिकार नाही." आठवड्यातून एकदा, मॅडमच्या खोलीत, पडदा ओढून. दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी एक पाटी लावली होती. इथे बोललेलं इथेच राहील. सुंदर अक्षर होतं.

मी बरेच दिवस इकडचं तिकडचं बोलले. एक दिवस मॅडम म्हणाल्या, "तू सगळं सांगतेस, पण वडिलांपाशी आलीस की हसतेस. का?"

मी सांगितलं.

जे आईला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला सांगितलं असतं पण नवरा केलाच नाही, जे अंधारात स्वतःशीसुद्धा पूर्ण म्हटलं नव्हतं, ते सांगितलं. तो शब्दसुद्धा सांगितला. बाबांनी काय विचारलं, मी काय म्हटलं, ते सांगितलं. मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी माझा हात धरला. खोटं नाही बोलत, त्या दिवशी मला फार हलकं वाटलं. राजापेठेतून चालत खोलीवर गेले. कोणीतरी माझं ओझं अर्धं घेतलं असं वाटलं.

अर्धं घेतलं नव्हतं. पूर्ण घेतलं होतं. आणि ठेवून घेतलं होतं.

अकोल्याच्या कार्यक्रमाचं बोलणं सुरू झालं तेव्हा मला एवढंच माहीत होतं की मानसिक आरोग्यावर मॅडमचं व्याख्यान आहे आणि शेवटी माझा सत्कार आहे. खेड्यातून आलेली पहिली समुपदेशक वगैरे. बाबांना सांगितलं तर ते आधी घाबरले. "मले बोला लागन का तिथं?" म्हटलं, नाही बाबा, फक्त बसायचं. मग त्यांनी दाढी करून घेतली. शेजारच्यांना सांगितलं. एसटीत कंडक्टरलाही सांगितलं, "पोरीचा सत्कार आहे."

सभागृहात केंद्रातला नीलेश दाराजवळच भेटला. माझ्यासोबतच लागलेला, पडद्यावर दाखवायची चित्रं वगैरे तोच करायचा. एरवी बडबड्या माणूस. त्या दिवशी बाबांना नमस्कार केला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. मला वाटलं, कामात आहे.

व्याख्यान सुरू झालं. मॅडम म्हणाल्या, "आता मी तुम्हाला एक केस सांगते. अर्थात नाव बदललं आहे. आपण तिला सुनीता म्हणू."

पडद्यावर चित्र आलं. काळ्या रंगात एक मुलगी. डोक्यावर लाइटीचं झुंबर.

बाबा माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "हे तं आपल्यावानी हाय वं."

मला तेव्हाच उठायला पाहिजे होतं. उठले नाही. मनात एकच चाललं होतं, हे दुसऱ्या कोणाचं असेल. लाइटी डोक्यावर घेणाऱ्या कितीतरी पोरी असतात. दुसरी असेल. खरंच सुनीता असेल कोणीतरी.

मॅडमनी गाव सांगितलं नाही. बँड सांगितला. वाद्य सांगितलं. वरात सांगितली. रस्त्याच्या मधोमध काय झालं ते सांगितलं, एकेक करून, आवाज खालीवर करत. तो शब्दही सांगितला. माइकवर. नीट उच्चारून. मग म्हणाल्या, "इथे बघा, हा बाप प्रतिकार करत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. शरणागती अंगात मुरलेली असते." पडद्यावर त्या अर्थाचा एक मोठा इंग्रजी शब्द आला. काही जणांनी लिहून घेतला.

मी बाबांकडे पाहिलं नाही. पाहू शकले नाही. फक्त त्यांचा हात दिसत होता, खुर्चीच्या दांड्यावर ठेवलेला. बोटं हलत होती. वाजवणाऱ्याची बोटं घाबरल्यावर हलतात. मला लहानपणापासून माहीत आहे.

आणि मग मॅडमनी आवाज जाड केला, मान खाली घातली, आणि ते विचारलं. बाई, तू पाह्यलं नाई ना?

बाबांची बोटं थांबली.

पुढे मॅडम म्हणाल्या, "आणि तुम्हाला सांगायला अभिमान वाटतो, की ती सुनीता आज आपल्यात बसली आहे." आणि माझं खरं नाव घेतलं. आडनावासकट.

टाळ्या. लोक माना वळवून बघत होते. कोणाला मी दिसत होते, कोणाला बाबा. पुढच्या रांगेतली एक बाई बाबांकडे बघून हात जोडत होती. डोळ्यात पाणी. बाबांनी त्यावर काय करावं?

मी उठले. स्टेजवर गेले. का गेले ते तेव्हा माहीत नव्हतं. नाव घेतलं की उठायचं, एवढं अंगात होतं. पायऱ्या चढताना मात्र डोकं एकदम थंड झालं. मॅडम शाल उघडत होत्या. मी शाल घेतली नाही. माइक घेतला.

तोंडातून जे आलं ते वऱ्हाडीत आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, लोकांसमोर.

"मॅडम, हे मी तुमाले बंद खोलीत सांगतलं होतं. दाराले पाटी होती तुमची. माहे बाबा तिसऱ्या लाइनीत बसले आहेत. तुमी बोलावले म्हनून आले. त्याईले मालूम नव्हतं का मी पाह्यलं म्हनून. आज मालूम झालं. तुमच्या तोंडून." मॅडमच्या हातातल्या शालीकडे बोट दाखवलं. "माह्या बापाची इज्जत तुमची केस नाई. हे शाल ठेवा."

मला वाटलं, आता काहीतरी होईल. कोणीतरी उभं राहील. मॅडम तरी मान खाली घालतील.

मॅडमनी दुसरा माइक उचलला. आवाज अगदी मऊ. "बघा," लोकांना म्हणाल्या, "इतक्या वर्षांचा राग आज बाहेर आला. हेच तर बरं होणं आहे. आपण सगळे याचे साक्षीदार आहोत. जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. उभं राहून.

मी नाही म्हटलं, तर तेही त्यांच्या कार्यक्रमात बसवून टाकलं. मी थुंकले असते तरी टाळ्या झाल्या असत्या. त्या क्षणी मला जे कळलं ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं. आपला अपमान आधी लोक मजा म्हणून बघतात. मग शिकलेले लोक तोच अपमान अभ्यास म्हणून बघतात. आपण दोन्ही वेळा मधोमध उभे. बघणारे दोन्ही वेळा घरी जाऊन नीट जेवतात.

खाली बघितलं तर बाबांची खुर्ची रिकामी होती.

ते बाहेर फाटकाजवळ उभे होते. नीलेश त्यांच्यापासून थोड्या अंतरावर. मला बघून पुढे आला. "खरंच सांगतो, मला वाटलं तुला विचारलं असेल."

"चित्र तू काढलं?"

"हो."

"मंग मले काहून नाई विचारलं? रोज बाजूच्या टेबलावर बसतं ना तू?"

वाईट माणूस नाही तो. पण माझ्या घराचं चित्र काढताना त्याला एकदाही माझ्याकडे मान वळवावीशी वाटली नाही, हे मी विसरू शकत नाही.

एसटीत बाबा खिडकीशी बसले. बोरगाव गेलं, मूर्तिजापूर आलं. गाडी थांबली. फुटाणेवाला चढला, उतरला. मी विचारलं, पाणी देऊ का? मानेने नाही म्हणाले. बडनेऱ्याच्या अलीकडे कुठेतरी, बाहेरच बघत, बोलले.

"तू त्या बाईले सांगतलं."

"हो बाबा."

"मले नाई सांगतलं."

यावर मी काय बोलणार होते? तुम्हाला दुःख होईल म्हणून? ते त्यांना माहीतच होतं. त्यांनी आयुष्यभर माझ्यापासून एक गोष्ट झाकली, मी आयुष्यभर झाकू दिली. आणि मग ती उचलून अशा बाईला नेऊन दिली, जिला आमच्या गावाचा रस्ताही माहीत नव्हता. पाटीवरच्या अक्षरावर विश्वास ठेवून. मॅडमनी मला फसवलं. पण बाबांच्या बाजूने बघितलं तर त्यांना कोणी फसवलं? त्या बाईला तर ते ओळखतही नव्हते. फसवायला ओळख लागते.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रात गेले. मॅडम खोलीत होत्या. दाराची पाटी तशीच.

"मी नाव बदललं होतं," त्या म्हणाल्या.

"मंग स्टेजवर माहं नाव काहून घेतलं?"

"ते सत्कारासाठी होतं. तो भाग वेगळा."

"माहे बाबा बाजूले बसले होते."

"त्यांना इतकं लागेल असं मला वाटलं नाही. किती वर्षांपूर्वीची गोष्ट. आणि अशा माणसांना..." त्या थांबल्या.

"अशा म्हंजे कशा?"

त्यांनी चष्मा पुसला. "तू आत्ता रागात आहेस. ते साहजिक आहे. आपण यावर काम करू. उद्या सेशनला बस."

मी केंद्राची किल्ली टेबलावर ठेवली आणि निघाले. जिना उतरताना जाणवलं, मला मॅडमबद्दल काहीही माहीत नाही. इतकी वर्षं त्या खोलीत बसले. त्यांचे वडील कसे होते? त्यांना कोणी कधी मारलं का, हसलं का, रस्त्यात उभं केलं का? त्यांनी कोणाला उभं केलं का? काही माहीत नाही. माझी गोष्ट त्यांना सगळी माहीत. क्लायंटची माहीत, नीलेशची माहीत, झाडणाऱ्या मावशीची माहीत. त्यांची कोणालाच नाही. आमच्याकडून गोष्टी फक्त वर जातात. वरून कधी एक खाली येत नाही. आणि वर गेल्या की त्यांचं व्याख्यान होतं.

बाबा पुष्कळ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. मीठ दे. लाइट गेली. गॅस संपला. मी बडनेरा रोडवर एक खोली घेतली, पंक्चरच्या दुकानाच्या वर. मागे राहायचं, पुढे काम. बाबांना गावाहून आणलं. ते आले, नाही म्हणाले नाहीत. दिवसा खाली दुकानात बसतात. दुकानदाराशी खूप बोलतात.

एकदा मी न राहवून विचारलं. दुपारी, जेवण झाल्यावर. "बाबा, ते तुमी काहीच केलं नाई म्हनाल्या मॅडम. शरणागती म्हनाल्या. मले तसं नाई वाटत. तुमच्या मनात त्या वक्ती काय होतं?"

बाबांनी सुपारी कातरायची थांबवली.

"जे झालं ते तू पाह्यलं," म्हणाले. "जे तू नाई पाह्यलं, ते माहं राहू दे."

"मले तरी सांगा, बाबा."

"नाई सांगत. एकदा तुह्या पोटात राह्यलं नाई."

त्यांनी रागाने म्हटलं नाही. बाजारभाव सांगावा तसं म्हटलं. आजपर्यंत सांगितलं नाही. सांगणार नाहीत. त्या संध्याकाळी माझ्या बापाच्या मनात काय होतं, हे मला कधीच कळणार नाही. मॅडमनी माझं काय नेलं, ते हे आहे. सभागृहातल्या टाळ्या मी विसरेन. हे नाही.

आता माझ्याकडे लोक येतात. चांदूर रेल्वेकडून येतात, मोर्शीकडून येतात, अकोल्याहूनही येतात. माझ्या खोलीत पाटी नाही. मी पहिल्यांदा तोंडाने सांगते, त्यांच्या बोलीत. इथलं बाहेर जाणार नाही. एकच सोडून. तुमच्या जिवाला किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असला तर मला कोणाला तरी सांगावं लागेल. तसं झालं तर आधी तुम्हाला सांगेन, तुमच्या तोंडावर, मग दुसऱ्याला. बाकी कुठेच नाही. भाषणात नाही, नाव बदलून नाही, माझ्या बाबांपाशी नाही.

आणि मी खणत नाही. कोणी वडिलांपाशी येऊन हसलं तर मी का हसलात म्हणून विचारत नाही. तिथे काहीतरी आहे हे मला कळतं. कळलं म्हणून ते माझं होत नाही. काही माणसं एखाद्या न बोललेल्या गोष्टीवर घर उभं करून राहतात. ते घर चांगलं असू शकतं. ते पाडायच्या आधी तुझ्याकडे त्यांना राहायला दुसरी जागा आहे का, हे मी आधी स्वतःला विचारते. बहुतेक वेळा नसते.

माझ्यासोबत शिकलेल्या एकीने म्हटलं, असं केल्याने तुझं नाव होणार नाही. केसेस मांडल्याशिवाय कोण ओळखणार? खरं आहे. नाही ओळखत.

मागच्या महिन्यात मॅडमचा फोन आला. इतक्या वर्षांनी. आवाज तोच, मऊ. त्यांचं पुस्तक येतंय. त्यात एक प्रकरण सुनीताचं आहे. "सगळ्यात सुंदर प्रकरण तेच झालंय," म्हणाल्या. "तुझी संमती असली तर बरं. एक सही. मी माणूस पाठवते."

"नाई."

"तू अजून तिथेच अडकली आहेस का? अगं, तुझ्या गोष्टीने कितीतरी मुलींना बळ मिळेल."

"मंग त्याईले तुमची सांगा, मॅडम. तुमची एखांदी असनच ना?"

मग मऊपणा गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा खरा आवाज ऐकला. "हे बघ, सही केवळ औपचारिकता आहे. नाव बदललेलं आहे. तुझ्या सहीशिवायही पुस्तक छापलं जाईल."

"छापा," मी म्हटलं. "पण प्रकाशन कुठं ठेवता ते मले कळनच. मी येईन. वकिलाले घेऊन येईन. आन् वकील नाई भेटला तं एकटी येईन."

त्यांनी फोन ठेवला.

बाबांना सगळं सांगितलं. आता मी त्यांना आधी सांगते. त्यांनी ऐकून घेतलं आणि खाली दुकानात गेले.

पुस्तक अजून आलेलं नाही. येईल. अमरावतीत येवो, अकोल्यात येवो, नाहीतर पुण्यात. मी जाणार आहे. पहिल्या रांगेत बसणार आहे. मॅडम सुनीताचं नाव घेतील तेव्हा उठणार आहे आणि सांगणार आहे, ही गोष्ट चोरीची आहे. लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली तर त्या थांबेपर्यंत तिथेच उभी राहणार आहे, आणि थांबल्या की पुन्हा तेच सांगणार आहे. टाळी वाजवता येणार नाही इतक्या वेळा सांगणार आहे. माझ्या भाषेत. माइक नाही दिला तरी चालेल. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो.